धुरा कोणी सरकवला?

आमच्या अकोल्याच्या व्याह्यांचं कळलं का हो तुम्हाला? जठारपेठेतले. कृषी विद्यापीठातून रिटायर झाल्यापासून हा माणूस घरात बसून काय करतो, तर जुने स्पीकर उघडतो. परवा विहीणबाईंचा फोन आला, आवाज अगदी खाली. म्हणाल्या, "यांनी कुरियरनं तांब्याच्या पट्टीची वेटोळी मागवली. मला वाटलं गिझरचं काही असेल. बिल पाहिलं आणि खालीच बसले." मी म्हटलं, अहो, ती क्रॉसओव्हरची कॉइल असणार. त्या म्हणाल्या, "असेल बाई काहीही, पण त्यापायी यंदाचं उन्हाळी वाळवण मी एकटीनं केलं."

कोणाला बोलू नका, पण झालं ते असं. व्याह्यांकडे 1980च्या दशकातली पेट्यांची जोडी आहे. खाली आठ इंची वूफर, वर घुमटाचा छोटा ट्वीटर. सोनोडाइन, कॉस्मिक ही नावं तेव्हा हौशी लोकांच्या तोंडी असायची; यांच्या पेटीवरचं नाव मात्र केव्हाच पुसलं गेलंय. बरीच वर्षं चांगली वाजली. मग हळूहळू गाणाऱ्याचा गळा मागं मागं जायला लागला. तबला जागेवर, झांजा जागेवर, आणि गाणारा बाजूच्या खोलीत. कोणीतरी डोक्यात भरवलं की आतला क्रॉसओव्हर बदलला की पेटी नवी होते. लगेच पुण्याच्या पोराला कामाला लावलं. तो तापकीर गल्लीत फिरला, उरलेलं बाहेरून मागवलं. फॉइलच्या कॉइली, पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर, सगळं आलं. ओळखीच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या पोरानं ते बसवून दिलं. आणि झालं काय? गाणारा बाजूच्या खोलीतच राहिला, वर झांजा अंगावर यायला लागल्या. गाण्यात 'स' आला की कानात सुई! विहीणबाई म्हणाल्या, "हे गाणी लावतात तेव्हा मी शेजारी जाऊन बसते." आता त्या शेजारी जाऊन बसणार म्हणजे आपल्या दोन्ही घरांच्या गोष्टी जठारपेठभर होणार. म्हणून मीच म्हटलं, पेट्या घेऊन इकडे अमरावतीला या. आमच्या मिस्त्रीला दाखवू.

मिस्त्री म्हणजे भिंतीपलीकडचा हो, मोटर वाइंडिंगवाला. माझ्याच शाळेतला. नववीत विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसून खिळ्याभोवती तार गुंडाळायचा. आज अर्ध्या तालुक्याचे पंप त्याच्या हाताखालून जातात. रब्बीत थ्री फेजमधला एक फेज गेला, वावरातली मोटर तशीच घुमत राहिली आणि जळली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिस्त्रीच्या दारात. त्याला स्पीकरचं शिक्षण नाही, पण तांब्याची तार त्याला तिच्या माहेरासकट माहीत आहे.

व्याही आले. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, दुलईत गुंडाळलेल्या दोन पेट्या आणि सोबत एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत काय, तर पेटीतून काढलेले जुने पार्ट. मिस्त्रीनं पेट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी पिशवी उघडली. म्हणाला, "काकाजी, हे फेकलं नाई, हे बम चांगलं केलं. कंपनीवाल्यानं काय ठरोलं होतं, ते याच्यातच लिहेल हाय."

व्याह्यांना ते काही पटलं नाही. दीड हातभर कौतुकानं त्यांनी फॉइलच्या कॉइलची माहिती सांगायला सुरुवात केली. मिस्त्री ऐकत होता आणि पेचकसानं मागची पाटी खोलत होता.

आता तुम्हाला सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. क्रॉसओव्हर म्हणजे दोन वावरांमधला धुरा. खालचे जाड सूर वूफरचे, वरचे बारीक सूर ट्वीटरचे, आणि मध्ये धुरा. कॉइल वूफरच्या वाटेत बसते. सूर जितका वरचा तितकं ती त्याला अडवते. कपॅसिटर ट्वीटरच्या वाटेत बसतो आणि खालचे सूर अडवतो. धुऱ्याच्या अलीकडं-पलीकडं थोडी जागा अशी असते की तिथं दोघंही वाजतात. माणसाचा गळा, त्यातला स्पष्टपणा, नेमका त्याच पट्ट्यात येतो. म्हणून धुरा हलला की पहिला बळी गाणाऱ्याचा.

मिस्त्रीनं जुना कपॅसिटर एलसीआर मीटरला लावला. वर छापलं होतं आठ मायक्रोफॅरड. मीटर म्हणाला पाच. व्याही म्हणाले, "म्हणजे तीन गेले कुठे?"

"उडाले, काकाजी. आतमंदी ओला कागद असते. आपल्याकडचा उनाया म्हंजे त्याचा काळच."

खरंच आहे ते. साधा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळलेला, द्रवात भिजवलेला कागद. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा. अकोल्याचा मे महिना तुम्ही पाहिलाय. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या माडीत काय होत असेल! व्याह्यांच्या पेट्या अशा माडीतच होत्या. कॉइलला त्या उन्हाचं काही वाटत नाही. तांबं वाळत नाही. म्हणजे पैसे घालायचे तर आधी कशावर घालायचे, ते उन्हानंच सांगून ठेवलंय.

मी कालनिर्णयाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ट्वीटर सहा ओहमचा. पिशवीत एक छोटा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर होता, 2.2 ओहमचा, तो ट्वीटरच्या वाटेत असायचा. दोघं मिळून 8.2. आठ मायक्रोफॅरडला धुरा येतो 2400 हर्ट्झच्या आसपास. वूफरकडची कॉइल अर्ध्या मिलिहेन्रीची, वूफर आठ ओहमचा. तिचा धुरा येतो 2500च्या जवळ. दोन्ही बाजूंचं जमलं. कारखान्यातल्या माणसानं नीट मोजून ठेवलं होतं. स्पीकर म्हणजे काही साधा रेझिस्टर नव्हे, त्याचे ओहम सुरागणिक बदलतात, म्हणून हे आकडे ढोबळ धरा. पण कपॅसिटर आठाचा पाच झाल्यावर ट्वीटरचा धुरा थेट 3900ला गेला, हे ढोबळ असलं तरी खरं. 2500 ते 3900, मधली जमीन पडीक! गाणारा तिथंच उभा होता बिचारा.

"बरं, मग नव्यात काय बिघडलं?" व्याही जरा चिडलेच. "नवा कपॅसिटर 8.2चा आहे, पाच टक्क्यांतला, मी स्वतः पाहून घेतला."

मिस्त्रीनं पाटी उलटी केली. कपॅसिटरची तार सरळ ट्वीटरला गेलेली.

"हा सिमेंटवाला काऊन काढला?"

"तो पोरगा म्हणाला, हा रेझिस्टर आवाज अडवतो. भारी पार्ट टाकल्यावर याची गरज नाही."

"अडवते नं जी! त्याचं कामच अडवाचं हाय!" मिस्त्री इतका हसला की त्याची बायको भाकरीचं पीठ हातावर घेऊन बाहेर आली.

गोम तिथंच होती. ट्वीटर जात्याच वूफरपेक्षा मोठ्यानं बोलणारा. त्याला दाबून वूफरच्या बरोबरीला आणायला तो रेझिस्टर होता. तो काढल्यावर ट्वीटर जवळपास पावणेतीन डेसिबलनं चढला. शिवाय 8.2 ओहमचे सहाच राहिले, त्यामुळं कपॅसिटर नवा असूनही धुरा 3200ला जाऊन बसला. म्हणजे मधली जमीन पुरती भरली नाही आणि वरचा भाऊ ओरडायला लागला. सगळ्या भारी सामानात चूक निघाली ती काही रुपयांच्या सिमेंटच्या तुकड्याची, तीही तो तुकडा नसण्याची.

आणखी एक बारकी गोष्ट मिस्त्रीनं सांगितली, ती मलाही नवी. जुन्या इलेक्ट्रोलायटिकमध्ये स्वतःचाच थोडा अडथळा असतो. पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर फार साफ, त्याला अडथळा जवळजवळ नाहीच. तेव्हा इलेक्ट्रोलायटिक काढून फिल्म घालायचा असेल, तर जुन्याचा अडथळा वेगळ्या छोट्या रेझिस्टरनं परत द्यावा लागतो, नाहीतर ट्वीटर तेवढा पुढं येतो. म्हणून त्यानं 2.2च्या जागी 2.7 ओहमचा, दहा वॅटचा घातला. म्हणाला, आधी हा ऐका. बोचला तर 3.3 करू, मंद वाटला तर परत 2.2. अर्धा ओहम इकडचा तिकडं झाला की फरक कानाला कळतो, आणि खर्च चहाएवढा. हे सोडून लोक कॉइलच्या मागं लागतात.

आता फॉइलच्या कॉइलचं. व्याह्यांचा जीव तिच्यात. मिस्त्रीनं जुनी कॉइल घेतली, बारीक 22 गेजची. साध्या मल्टिमीटरवर एका ओहमच्या खालचं नीट कळत नाही, प्रोबच्या तारांचाच अडथळा मध्ये येतो. त्यानं काय केलं, बारा व्होल्टची बॅटरी घेतली, एक जाड रेझिस्टर मध्ये टाकून कॉइलमधून बरोबर एक ॲम्पिअर करंट सोडला आणि कॉइलच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजले. एक ॲम्पिअरला जितके व्होल्ट तितके ओहम. जुनीचे आले 0.55. फॉइलवालीचे 0.2च्या आसपास. व्याह्यांची मान ताठ झाली.

"आता बाई, तुमी हिशेब करा," मिस्त्री म्हणाला. केला. आठ ओहमच्या वूफरपुढं एवढ्या फरकानं आवाज वाढतो तो साधारण एक तृतीयांश डेसिबल. कानाला मुश्किलीनं कळेल इतका. वूफरचा ताबा किंचित घट्ट होतो, ते खरं. पण कारखानदारानं पेटी तयार केली तेव्हा तो 0.55 ओहमही हिशेबात धरलेला असतो. सगळीच कॉइल बदलून अडथळा फार कमी केला तर खालचा सूर त्यानं जसा ठेवला होता तसा राहत नाही. जुन्या पेटीत नवी कॉइल घालायची तर मिलिहेन्री तर तीच हवी, अडथळाही शक्यतो जुन्याच्या जवळचा हवा. तार जाड तितकी चांगली, हे पंपाच्या केबलला लागू, इथं नाही.

फॉइल म्हणजे वरच्या सुरांना सोपं जातं, असं व्याह्यांनी कुठंतरी ऐकलेलं. ते मी खोडून काढलं. वरच्या सुरांचा करंट तारेच्या कातडीवरून वाहतो, हे बरोबर; पण ती कातडी किती जाड? तीन हजार हर्ट्झला तांब्यात सव्वा मिलिमीटरच्या जवळ. 18 गेजची तार पुरी 1.2 मिलिमीटर व्यासाची. म्हणजे वूफर जिथवर वाजतो तिथवर आख्खी तारच कातडी आहे! तिला पट्टी करून काय मिळणार?

"मग काढून टाकू?" व्याही पार उतरले.

"काहाले काढता? पैसे गेले ते गेले. राहू द्या. पन हा स्क्रू काढा." त्या टीव्हीवाल्या पोरानं कॉइल पेटीच्या मागच्या फळीला ठोकली होती, तिच्या पोटातून जाडा लोखंडी स्क्रू घालून, वूफरच्या चुंबकाला अगदी खेटून. मिस्त्रीनं कॉइल हातात धरून मीटर लावला, आकडा पाहिला. मग तोच स्क्रू पोटात सरकवला, आकडा चढला. व्याही पाहतच राहिले. हवेची कॉइल म्हणून पैसे दिले आणि पोटात लोखंड घातलं! त्यानं स्क्रूऐवजी प्लॅस्टिकची टाय बांधली, कॉइल चुंबकापासून लांब, पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली आणि हलू नये म्हणून खाली वार्निश लावलं. कॉइल सैल असली की मोठ्या आवाजाला ती स्वतःच गुणगुणते; मोटरीतलं वाइंडिंगही तसंच, म्हणून तेही वार्निशात बुडवतात.

तेवढ्यात गल्लीतली पोट्टी आली. मंडळाची हो, तीच. गणपतीला स्वतः पेट्या बनवायच्या म्हणतात. गेल्या वर्षी त्यांनी आणलेल्या डीजेवरून काय झालं, ते तुम्ही विसरला नसाल. रात्री दहानंतर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या चौकात कोण मोजतंय? यंदा म्हणे पेट्या छोट्या पण 'क्वालिटी'च्या. तीन भागांच्या: वूफर, मिड, ट्वीटर. त्यांना कॉइल हवी होती तीन मिलिहेन्रीची, आणि तीही हवेची, कारण कोणी सांगितलं की लोखंडाची कॉइल आवाज खराब करते.

मिस्त्रीनं त्यांना बसवून घेतलं. अर्ध्या मिलिहेन्रीची हवेची कॉइल 18 गेजमध्ये करायची तर 28 मिलिमीटर व्यासाच्या फॉर्मरवर, 14 मिलिमीटर रुंदीत, सुमारे 118 वेढे लागतात. तार जवळपास 16 मीटर, तांबं 165 ग्रॅम, अडथळा 0.23 ओहम. ही मापं माझी बरं का! हॅरल्ड व्हीलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1928 साली रेडिओच्या कॉइलसाठी सोपं सूत्र दिलं, ते आजही चालतं. वेढ्यांची रुंदी आणि जाडी सारखी ठेवली आणि आतला व्यास त्याच्या दुप्पट ठेवला, की कमीत कमी तारेत जास्तीत जास्त मिलिहेन्री मिळतात. आता तीच तार घेऊन तीन मिलिहेन्री करा: 240 वेढे, 46 मीटर तार, अर्ध्या किलोच्या जवळ तांबं, आणि अडथळा तरी 0.68 ओहम. दोन पेट्यांना किलोभर तांबं नुसत्या बेससाठी! पोट्टे एकमेकांकडे पाहायला लागले. वर्गणी अजून गोळा व्हायची होती.

"म्हून बेसच्या कॉइलले लोखंड वाईट नाई," मिस्त्री म्हणाला. "लोखंडानं तार कमी लागते, अडथळा कमी होते. पन लोखंडाचं पोट भरलं की ते अजून चुंबक घेत नाई. मंग करंट वाढला की मिलिहेन्री घसरते, आवाज फाटते. म्हून पत्ती मोठी घ्या, अन् मंधात फट ठेवा." जुन्या ट्रान्सफॉर्मरची पत्ती बंद घट्ट बसवून कॉइल करू नका, हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं, फट नसली तर पोट फार लवकर भरतं. माझ्या लेखी त्याचा निवाडा असा: मिड आणि ट्वीटरच्या कॉइली लहान असतात, त्या बिनधास्त हवेच्या करा, बेसची मोठी लोखंडाची चालेल, पण चांगली दणकट. ट्वीटरला समांतर जी छोटी कॉइल बसते तिला जाड तार घालणं म्हणजे तांबं वाया. जाड तार वूफरच्या वाटेतच शोभते.

पोट्ट्यांतल्या एकाला धुऱ्यापलीकडं आवाजाचा उतार दर सप्तकाला बारा नाही, चोवीस डेसिबलचा हवा होता. लिंकविट्झ आणि रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधल्या दोघा इंजिनिअरांनी 1976च्या सुमारास मांडलेली ती रचना. नाव ऐकून आलं होतं पोरगं. मी म्हटलं, बाळा, उतार जितका खडा तितक्या कॉइली जास्त, तितके कपॅसिटर जास्त, आणि प्रत्येक कॉइलचा अडथळा बेरजेत येणार. डीजेवाले ही भानगडच ठेवत नाहीत. ते आवाज ॲम्प्लिफायरच्या आधीच वाटून घेतात, बेसला वेगळा ॲम्प, टॉपला वेगळा, मग पेटीत जाड कॉइल लागतच नाही. तुम्हाला एकाच ॲम्पवर भागवायचं तर बारावर समाधान माना.

मिस्त्रीनं दुकानातून रिळाचा एक तुकडा आणून दाखवला, तांब्यासारखाच चकचकीत. पोट्टे म्हणाले, असाच स्वस्तात मिळतोय, घेऊ का? त्यानं ब्लेडनं लाख खरवडली. आतून पांढरी! ॲल्युमिनियम, वर तांबड्या रंगाची लाख. हातात घेतली की वजनच सांगतं. तांबं तिच्या तिपटीहून जड. त्याच जाडीत तिचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून वर. जळलेल्या मोटरीची निघालेली तारही घ्यायची नाही; लाख करपलेली असते, वेढे आतल्या आत चिकटतात. आणि तीन कॉइली एका पाटीवर बसवताना एक आडवी, एक उभी, तिसरी त्या दोघींना काटकोनात. सगळ्या एका तोंडाला ठेवल्या तर एकीचं चुंबकत्व दुसरीत शिरतं आणि धुरे पुसले जातात.

मग कपॅसिटरचा विषय निघाला आणि मला खरी गंमत कळली. व्याह्यांनी 8.2 मायक्रोफॅरडला किती मोजले तो आकडा मी सांगत नाही, विहीणबाई माझ्यावर रागावतील. मिस्त्रीनं फळीवरून छताच्या पंख्याचे तीन कपॅसिटर काढले. दोन 2.5चे, एक 3.15चा. समांतर जोडले, बेरीज 8.15! पंख्याचा कपॅसिटरही पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच असतो आणि 440 व्होल्ट एसीचा. स्पीकरमध्ये तेवढे व्होल्ट कधी येणारच नाहीत. फक्त मोटर सुरू करायचा जो 'स्टार्ट' कपॅसिटर असतो तो नको, तो इलेक्ट्रोलायटिक. सतत चालणारा 'रन'चाच हवा. आकारानं मोठा, पेटीत जागा करावी लागते, एवढंच त्याचं वाईट.

आणि मग काय केलं त्या लबाडानं? डाव्या पेटीत व्याह्यांचा भारी कपॅसिटर ठेवला, उजवीत पंख्याचे. दोन्हींत 2.7चा रेझिस्टर. म्हणाला, आता ओळखा.

लावायचं काय, यावर वाद झाला. मी सांगितलं, खंजिरी लावा. राष्ट्रसंतांचं भजन. तुकडोजी महाराज आपल्या जिल्ह्यातलेच, यावलीचे, मोझरीचा गुरुकुंज त्यांचाच; त्यांच्या भजनातली खंजिरी म्हणजे क्रॉसओव्हरची परीक्षाच. तिच्या चामड्याची थाप वूफर वाजवतो आणि तिच्या झांजा ट्वीटर वाजवतो. एकच वाद्य, दोन वावरांत वाटलेलं. धुरा बरोबर असला तर ती एका हातात वाजते. सरकला असला तर थाप एकीकडून येते आणि छणछण दुसरीकडून. त्यानंतर भीमराव पांचाळे यांची गझल लावली. तेही आपल्याच अष्टगावचे, आणि ज्यांच्या गझला त्यांनी गायल्या ते सुरेश भट जन्मले आपल्याच अमरावतीत. गझलेत गळा एकटा असतो, लपायला जागा नसते.

खंजिरी एका हातात वाजली. पांचाळे बाजूच्या खोलीतून समोर येऊन बसले. व्याही डोळे मिटून डाव्या पेटीकडून उजव्या पेटीकडे, उजवीकडून डावीकडे कान फिरवत होते. कोणती पंख्याची, ते त्यांना सांगता आलं नाही. मलाही नाही. मिस्त्रीच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "दोनी सारख्याच, पन गल्लीतली लोकं जमली, आता चहा किती टाकू?"

व्याही जिद्दीचे. म्हणाले, भारी कपॅसिटरला 'रुळायला' वेळ लागतो. मिस्त्रीनं वाद घातला नाही. तो म्हणाला, "रुळू द्या. पन दोनी पेट्यांत एकसारखं राहू द्या, नाईतं गाणारा मधात उभा राहनार नाई." हे मात्र शंभर टक्के बरोबर. पार्ट भारी की स्वस्त यापेक्षा डाव्या-उजव्यातले आकडे एकमेकांशी जुळणं जास्त कामाचं. दुकानात आठ-दहा कपॅसिटर मोजून जवळचे दोन निवडले तर स्वस्तातलीही जोडी चांगली जमते. शेवटी दोन्ही पेट्यांत व्याह्यांचेच घातले. पाहुण्यांचा मान ठेवायला नको का?

तुमच्याकडच्या पेट्यांचंही बोलून टाकते, तुम्ही विचारणारच होता. वूफरच्या कडेचा फोम बोटानं दाबून पाहा. भुगा होत असेल तर क्रॉसओव्हरला हात लावू नका, आधी फोम. ट्वीटर मुकाच झाला असेल तर त्याच्या तारांवर मल्टिमीटर लावा. आत तार तुटली असेल तर जगातला कोणताही कपॅसिटर त्याला बोलता करणार नाही. दोन्ही ठीक असतील तर मग कपॅसिटर मोजा, सोल्डर सुटलंय का पाहा, रेझिस्टर काळा पडलाय का पाहा. कॉइलचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तो येतच नाही. काढण्याआधी फोटो घ्या आणि निघालेलं काही फेकू नका.

व्याही गेले दुसऱ्या दिवशी. माणूस शांत झाला असेल असं मला वाटलं होतं. काल विहीणबाईंचा पुन्हा फोन. म्हणाल्या, "अहो, हे 18 गेज म्हणजे काय असतं? यांनी पाच किलो मागवलंय. म्हणतात, आता कॉइल घरीच बनवणार."

मी भिंतीवरून मिस्त्रीला विचारलं. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "165 ग्रॅमची एक धरली तं तीस कॉइली होतात, बाई. विहीणबाईले म्हना, आता त्यायले दुकानच टाकून द्या. पोट्ट्यांची ऑर्डर मी पाठोतो."